वीस ते तीस जानेवारी १९४८: गांधीहत्येच्या तपासातले वादग्रस्त धागे

गांधीजींचा मारेकरी कोण, हा प्रश्न तपासापुढे कधीच नव्हता. ३० जानेवारी १९४८ रोजी संध्याकाळी बिर्ला भवनाच्या हिरवळीवर, प्रार्थनेला जमलेल्या लोकांदेखत नथुराम गोडसेने गोळ्या झाडल्या आणि तो जागेवरच पकडला गेला. खरा वाद त्याआधीच्या दहा दिवसांचा आहे. कटाचा पहिला प्रयत्न २० जानेवारीला फसला, एक आरोपी हाती लागला, त्याने बोलायला सुरुवात केली. तरीही बाकीचे मोकळे राहिले आणि त्याच जागी परत आले. या दहा दिवसांत पोलिसांना नेमके काय कळले होते, कुणाला कळले होते आणि कधी, यावर लाल किल्ल्यातल्या खटल्यात, पुढे १९६६ पासून या कटाची चौकशी करणाऱ्या न्या. जीवनलाल कपूर आयोगापुढे वाद झाला आणि तो आजही चालतो.

२० जानेवारीला प्रार्थना चालू असताना मागच्या भिंतीपाशी गनकॉटन या स्फोटकाचा स्फोट झाला. तो घडवणारा मदनलाल पाहवा हा फाळणीत घर गमावलेला तरुण, नगरजवळच्या विसापूर छावणीत येऊन राहिलेला. अंगझडतीत त्याच्याजवळ हातबॉम्ब सापडला. साथीदार टॅक्सीने निसटले. त्याच रात्री मदनलालने पोलिसांना कॅनॉट प्लेसच्या मरीना हॉटेलात नेले. ४० नंबरच्या खोलीत ‘एस. देशपांडे’ आणि ‘एम. देशपांडे’ या नावांनी दोघे उतरले होते, ते निघून गेले होते. खोलीत हिंदुमहासभेच्या सरचिटणिसांच्या निवेदनाची टंकलिखित प्रत सापडली. हॉटेलच्या धोब्याकडे धुवायला टाकलेल्या कपड्यांवर तीन अक्षरे होती: एन. व्ही. जी.

कपड्यावरची खूण दोन प्रकारची असते. धोबी बिब्ब्याच्या रसाने ठिपके-रेघा काढतो. ती खूण घराची असते आणि त्या धोब्यालाच वाचता येते. आद्याक्षरे मात्र कपड्याचा मालक घालतो, म्हणजे ती माणसाची असतात. दिल्लीच्या फौजदाराला ‘एन. व्ही. जी.’ वरून हजारो माणसे आठवली असती. पुण्याच्या सीआयडीतल्या कुणालाही, सोबत ‘वर्तमानपत्र चालवणारा, हिंदुमहासभेचा’ एवढे सांगितले असते, तर नथुराम विनायक गोडसे हे नाव सुचायला फार वेळ लागला नसता. धागा हाती असणे आणि तो ज्याला वाचता येतो त्याच्या हाती असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढच्या बहुतेक वादांचे मूळ इथेच आहे.

मदनलालने एक नाव सांगितले ते नगरच्या विष्णू करकरेचे. दिल्लीच्या कागदांत ते ‘किर्करी’ झाले. दिल्ली पोलिसांचे लिखाण त्या काळी उर्दूत चाले आणि उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. काफ, रे, काफ, रे, ये ही अक्षरे करकरे, किर्किरे, किर्करी अशी कशीही वाचता येतात. मराठी आडनावे कानाला सवयीची असतील तर वाचणारा बरोबर जागी येतो, नसतील तर कागदावर भलतेच नाव उमटते. हत्येनंतरचा प्रथम खबरी अहवालही उर्दूतच आहे. तुघलक रोड ठाण्यात नंदलाल मेहता यांच्या फिर्यादीवरून नोंदलेल्या त्या अहवालात आरोपीचे नाव ‘नारायण विनायक गोडसे, राहणार पूना’ असे पडले आहे. आरोपी हातात असताना नावाचे असे होते, तर दहा दिवस आधी ऐकीव नावाचे काय झाले असेल, याची कल्पना यावी.

सगळ्यात मोठा वाद वर्तमानपत्राच्या धाग्याचा. गोडसे पुण्यातून ‘अग्रणी’ हे दैनिक काढत असे. सरकारी जामिनाच्या कारवाईनंतर १९४७ मध्ये ते ‘हिंदुराष्ट्र’ या नावाने निघू लागले. संपादक नथुराम गोडसे, व्यवस्था कटातला त्याचा साथीदार नारायण आपटे याच्याकडे. ही माहिती गुप्त नव्हती. वर्तमानपत्रांच्या सरकारी यादीत संपादक आणि मालक यांची नावे असतात आणि ती कुठल्याही सरकारी कचेरीला मागवता येतात. मदनलालच्या २४ जानेवारीच्या सविस्तर जबाबात पुण्याच्या ‘हिंदू राष्ट्रीय’ पत्राच्या मालकाचा उल्लेख आहे. प्रश्न असा की, हा उल्लेख त्याने २० तारखेलाच केला होता का आणि केला असल्यास तो मुंबईला कळवला होता का?

दिल्लीचे म्हणणे होते, होय. २१ जानेवारीला एक डेप्युटी सुपरिंटेंडंट आणि एक इन्स्पेक्टर विमानाने मुंबईला पाठवले गेले. त्यांनी सोबत नेलेल्या उर्दू टिपणात करकरेबरोबरच ‘अग्रणी’ किंवा ‘हिंदू राष्ट्रीय’च्या संपादकाचाही उल्लेख होता, असा दावा पुढे करण्यात आला. मुंबईचे डेप्युटी कमिशनर जमशेद नगरवाला यांनी तो ठामपणे नाकारला. ते अधिकारी भेटले, करकरेला पकडायचे आहे म्हणाले. संपादकाचा विषय निघालाच नाही, असे त्यांचे म्हणणे. दोघे अधिकारी काही दिवसांतच दिल्लीला परतले. त्यांना परत पाठवले की ते आपणहून निघाले, यावरही दोन बाजू आहेत.

असा कागद खरोखर त्याच तारखेचा आहे का, हे तपासण्याची रीत ठरलेली आहे. त्या काळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७२ प्रमाणे तपास अधिकाऱ्याने रोजची डायरी लिहायची असे: खबर किती वाजता मिळाली, कुठे गेला, काय आढळले. डायरीची प्रत वरिष्ठाकडे जाते, तिथे पोहोचल्याची नोंद होते. मूळ, प्रत आणि पोहोच या तीन गोष्टी जुळल्या तर मागाहून भर घातली असे म्हणता येत नाही. सुट्या टिपणाला यातले काहीच नसते. देणारा म्हणतो दिले, घेणारा म्हणतो मिळाले नाही. त्यात हे टिपण पुढे आले ते हत्येनंतर, गुप्तवार्ता विभागाचे संचालक संजीवी यांच्याकडे कैफियत मागितली गेल्यावर, त्यांच्या खुलाशाच्या जोडकागदांतून. स्वतःच्या बचावासाठी सादर झालेला कागद म्हणून त्याकडे पाहणे भागच होते. कपूर आयोगाने संपादकाची माहिती मुंबईला दिल्याचा दिल्लीचा दावा स्वीकारला नाही.

आयोगाचा हा निष्कर्ष मला पटतो, त्याचे कारण कागदाबाहेरचे आहे. संपादकाचा धागा २० तारखेला खरोखर हाती असता, तर पहिला ट्रंक कॉल पुण्याला गेला असता. तो गेला नाही. माणसाला जे ठाऊक असते ते त्याच्या कृतीतून दिसते.

पण मग २४ तारखेचे काय? त्या दिवसापासून तरी उल्लेख निर्विवाद होता. पुणे सीआयडीचे डीआयजी यू. एच. राणा तेव्हा दिल्लीतच होते. म्हणजे जो धागा पुण्यात वाचता आला असता, तो वाचू शकणाऱ्या खात्याचा प्रमुखच तिथे हजर होता. २५ जानेवारीला संजीवींनी त्यांना जबाबाची माहिती दिली. राणा रेल्वेने, तेही अलाहाबादमार्गे निघाले आणि २७ जानेवारीला मुंबईत पोहोचले. त्याच २७ जानेवारीच्या सकाळी गोडसे आणि आपटे ‘एन. विनायकराव’ आणि ‘डी. नारायणराव’ या नावांनी मुंबईहून विमानाने दिल्लीला गेले होते. ही टोपणनावे पाहा: स्वतःच्या आणि वडिलांच्या नावांतून बनवलेली, आद्याक्षरे जवळजवळ तीच. विमानाच्या उतारूंच्या यादीत हे नाव टिपायला ‘एन. व्ही. जी.’ ही तीन अक्षरे कुणाच्या तरी डोक्यात असायला हवी होती.

मुंबईत याच काळात दुसरा धागा होता, तो रुईया कॉलेजचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांचा. मदनलाल त्यांची पुस्तके विकत असे आणि कटाबद्दल त्यांच्यापाशी बोलला होता. दिल्लीतल्या स्फोटाची बातमी वाचून जैन २१ जानेवारीला मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना भेटले. मोरारजींनी त्याच संध्याकाळी, अहमदाबादला निघताना, नगरवालांना मुंबई सेंट्रल स्टेशनवर बोलावून माहिती दिली. करकरेला पकडा, त्याचे साथीदार शोधा, सावरकरांच्या घरावर नजर ठेवा, असे सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सरदार पटेलांच्याही कानावर घातले. जैन यांचे नाव मात्र त्यांनी सांगितले नाही. जैन यांना जिवाची भीती होती.

नाव राखण्याचे कारण समजण्यासारखे आहे, पण तपासाच्या दृष्टीने त्याची किंमत मोठी पडली. खबर देणारा माहीत असला की त्याला पुन्हा पुन्हा विचारता येते: मदनलालबरोबर कोण आले होते, दिसायला कसे, कुठली भाषा बोलत होते? खबर तिसऱ्या तोंडून आली की जेवढे सांगितले गेले तेवढ्यावर थांबावे लागते. जैन नेमके काय बोलले आणि त्यातले किती पुढे गेले, यावर जैन आणि मोरारजी यांच्या सांगण्यात फरक राहिला, तो याच फटीतून.

नगरवाला स्वस्थ बसले नव्हते. सावरकर सदनावर पाळत बसली, खबरे कामाला लागले. परंतु गांधीजींना पळवून नेण्याचा एका मोठ्या टोळीचा बेत आहे, असा त्यांचा ग्रह झाला आणि आलेली प्रत्येक खबर ते त्या चौकटीत बसवत गेले. तपासात हा दोष नेहमी दिसतो. पळवून न्यायला माणसे लागतात, गाड्या लागतात. शोध अशा टोळीचा सुरू होतो. एकट्याने पिस्तूल घेऊन येणारा माणूस त्या शोधात बसतच नाही. गोडसे आणि आपटे २३ ते २७ जानेवारीदरम्यान मुंबईतच वावरत होते.

बिर्ला भवनावर पहारा वाढवला होता. प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घ्यायला मात्र गांधीजींनी परवानगी दिली नाही. अशा वेळी एकच उपाय उरतो: संशयितांना चेहऱ्याने ओळखणारी माणसे साध्या कपड्यांत दारापाशी उभी करणे. पुण्या-नगरहून असे पोलीस मागवले गेले नाहीत.

खटला, आयोग आणि सावरकर

महाराष्ट्रात सर्वांत जास्त वाद होतो तो खटल्यात आरोपी असलेल्या सावरकरांविषयीच्या पुराव्यावर. माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याने सांगितले की १७ जानेवारीला गोडसे आणि आपटे सावरकर सदनात वरच्या मजल्यावर गेले, तो खाली थांबला आणि सावरकर त्यांच्यामागे खाली येऊन ‘यशस्वी होऊन या’ म्हणाले. तेव्हाच्या पुरावा कायद्याचे कलम १३३ म्हणत होते की साथीदाराच्या साक्षीवर शिक्षा होऊ शकते. कलम ११४ चे उदाहरण (ब) म्हणत होते की महत्त्वाच्या तपशिलात दुजोरा नसेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. दुजोरा गुन्हा घडल्याचा पुरत नाही, त्या विशिष्ट आरोपीला गुन्ह्याशी जोडणारा लागतो.

दुजोरा म्हणून दोन साक्षी होत्या. एका अभिनेत्रीने १४ जानेवारीला दोघांना शिवाजी पार्कला सावरकर सदनाजवळ सोडले होते, आणि १७ तारखेच्या टॅक्सीचालकाने ते त्या बाजूला गेल्याचे सांगितले. खटल्याचे न्यायाधीश आत्माचरण यांनी दाखवलेली त्रुटी नेमकी आहे: त्या घरात भिडे आणि सावरकरांचे चिटणीस दामले हेही राहत होते. घरापर्यंत गेले एवढ्याने कुणाला भेटले ते सिद्ध होत नाही, आणि काय बोलले ते तर नाहीच. १० फेब्रुवारी १९४९ रोजी सावरकर निर्दोष सुटले.

सावरकरांचे शरीररक्षक अप्पा कासार आणि चिटणीस गजानन दामले यांचे जबाब मुंबई पोलिसांनी मार्च १९४८ मध्ये घेतले होते. त्यांत जानेवारीतल्या भेटींचा उल्लेख होता. पण दोघांना साक्षीला बोलावले गेले नाही. हे जबाब कपूर आयोगाने पाहिले आणि सावरकर व त्यांच्या गटाच्या कटाखेरीज दुसरी उपपत्ती टिकत नाही, अशा अर्थाचे वाक्य अहवालात लिहिले. वादात दोन्ही बाजू आपापले अर्धे सांगतात, म्हणून हे एकत्र ठेवायला हवे. पोलिसांसमोरच्या जबाबाची उलटतपासणी झालेली नसते, त्याला साक्षीचे वजन नाही. आयोगाचा विषयही सावरकरांचा दोष हा नव्हता. कटाची आधी कुणाला माहिती होती आणि सरकारने काय केले, हे त्याला शोधायचे होते. शिवाय सावरकर फेब्रुवारी १९६६ मध्येच वारले होते. दुसऱ्या बाजूने, ते दोन साक्षीदार न्यायालयापुढे का आणले नाहीत, हा प्रश्न रास्तच आहे.

आयोग नेमला गेला तोही पुण्यातल्या एका प्रसंगामुळे. नोव्हेंबर १९६४ मध्ये नथुरामचा भाऊ गोपाळ गोडसे आणि करकरे तुरुंगातून सुटून आल्यावर सत्यविनायकाची पूजा झाली. तिथे टिळकांचे नातू ग. वि. केतकर यांनी, नथुरामचा बेत आपल्याला आधी ठाऊक होता, असे जाहीर बोलून दाखवले. संसदेत गदारोळ झाला, १९६५ मध्ये चौकशी नेमली गेली, १९६६ पासून ती कपूर यांच्याकडे आली आणि १९६९ मध्ये १०१ साक्षी व ४०७ दस्तऐवजांवर आधारलेला अहवाल आला. साक्षीदार सुमारे वीस वर्षांपूर्वीचे बोलत होते, हे तो वाचताना विसरू नये.

गोळ्या आणि पिस्तूल

‘चौथ्या गोळी’चा दावा अलीकडे पुन्हा उचलला गेला. त्याचा आधार मुख्यतः तेव्हाच्या काही वर्तमानपत्रांतला चार गोळ्यांचा उल्लेख. गोंधळाचे कारण शरीरावरच्या जखमांत आहे. सिव्हिल सर्जन कर्नल तनेजा यांच्या तपासणीप्रमाणे गोळी आत शिरल्याच्या तीन जखमा, एक छातीवर आणि दोन पोटावर. दोन गोळ्या पाठीतून बाहेर पडल्या, एक आत राहिली. म्हणजे गोळ्या तीन, जखमा पाच. गर्दीत, रक्ताने भिजलेल्या कपड्यांवरून मोजणारा तीनही म्हणेल, चारही. शवविच्छेदन झाले नाही, त्यामुळे शंकेला जागा उरली. बेरेट्टाच्या मॅगझिनमध्ये सात काडतुसे मावतात, पण चेंबरमध्ये आधीच एक असेल तर आठ होतात. म्हणून नुसत्या वजाबाकीने गोळ्यांचा आकडा ठरत नाही. ठरवतात ते गोळीवर उमटलेल्या नळीच्या आट्यांच्या खुणा आणि रिकाम्या काडतुसावरची पिनची खूण. फिल्लौरच्या प्रयोगशाळेचे डॉ. गोयल यांनी सापडलेल्या गोळ्या व काडतुसे याच पिस्तुलाची असल्याची साक्ष दिली. सर्वोच्च न्यायालयाने फेरतपासाची याचिका मार्च २०१८ मध्ये फेटाळली.

पिस्तुलाचा माग मात्र खरोखर अपुरा आहे. ६०६८२४ क्रमांकाचे ते इटालियन बेरेट्टा हत्येच्या दोनच दिवस आधी ग्वाल्हेरात मिळाले, डॉ. दत्तात्रय परचुरे यांच्या ओळखीने आणि गंगाधर दंडवते यांच्या मार्फत, असे फिर्यादी पक्षाने मांडले. परचुरे यांनी दिलेला कबुलीजबाब पुढे मागे घेतला. पूर्व पंजाब उच्च न्यायालयाने जून १९४९ मध्ये त्यांना सोडले. दंडवते, गंगाधर जाधव आणि सूर्यदेव शर्मा हे तिघे खटल्यात फरारी म्हणून नोंदले गेले. इटालियन सैन्याचे हे हत्यार ग्वाल्हेरपर्यंत कुणाकुणाच्या हातून आले, याबद्दल कथा बऱ्याच आहेत. सरकारी दप्तरात त्यातली एकही साक्षीपुराव्याने बांधलेली नाही.