दुसऱ्या जिल्ह्यातून येऊन नाशिकच्या सरकारी शाळेत मुलाचं नाव घालताना

सातपूर-अंबडला किंवा सिन्नरच्या मुसळगाव औद्योगिक वसाहतीत काम लागलं की माणूस आधी एकटा येतो. खोली मिळते, दोन-तीन पगार होतात, मग घरच्यांना आणायचं ठरतं आणि पहिला प्रश्न पोराच्या शाळेचा निघतो. चाळीसगावच्या शाळेतलं नाव काढून नाशिकला घालायचं म्हणजे जिल्हा बदलला. मग झेडपीची परवानगी लागेल का? नाशिकचा रहिवासी दाखला काढावा लागेल का? दोन्ही लागत नाही.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या कलम 5 नुसार आठवीपर्यंतच्या मुलाला कोणत्याही कारणाने राज्यात किंवा राज्याबाहेर जावं लागलं, तर तिथल्या सरकारी, जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत बदली मागायचा हक्क आहे. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी शाळा सोडल्याचा दाखला ताबडतोब द्यायचा. दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश लांबवायचा किंवा नाकारायचा नाही. दाखला अडवणाऱ्या मुख्याध्यापकांवर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, असं त्याच कलमात लिहिलंय. फी थकली म्हणून खासगी शाळा दाखला दाबून ठेवतात, त्यावर जून 2021 मध्ये राज्य सरकारने शासन निर्णयही काढला: दाखला नसला तरी दहावीपर्यंत प्रवेश द्यायचा.

विनाअनुदानित खासगी शाळेत मात्र हा बदलीचा हक्क चालत नाही. जळगावला खासगी शाळेत आरटीईच्या (याच शिक्षण हक्क कायद्याच्या) 25 टक्के राखीव जागांत मिळालेली जागाही सोबत नाशिकला येत नाही, ती त्या शाळेपुरतीच.

खरी अडचण कायद्यात नसून क्रमात आहे. माझ्या बहिणीने मागच्या वर्षी आधी दाखला काढला आणि मग नाशिकमध्ये शाळा शोधत फिरली. मधले तीन आठवडे मुलगी कुठल्याच शाळेच्या हजेरीपटावर नव्हती. म्हणून आधी घराजवळची शाळा बघा, मुख्याध्यापकांना भेटा, मुलाची इयत्ता आणि माध्यम सांगा, ते ‘घेतो’ म्हणाले की मगच गावी जाऊन दाखल्यासाठी साधा अर्ज द्या. स्थलांतराचं कारण एका ओळीत पुरतं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, ती पुढे फार कामाला येते.

दाखला हातात पडला की तिथेच, शाळेच्या ओट्यावर बसून वाचा. नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मगाव, जात. चूक दिसली तर त्याच वेळी जनरल रजिस्टरशी, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीशी, ताडून घ्या. रजिस्टरमधली मूळ नोंद मात्र दाखल्याचा अर्ज देतानाच बघा; तीच चुकलेली असेल तर नाव कमी होण्याआधी दुरुस्तीचा प्रस्ताव शाळेमार्फत पाठवायला सांगा. शाळा सोडल्यावर याच दुरुस्तीसाठी शिक्षणाधिकारी कार्यालयाचे खेटे घालावे लागतात, आणि जात पडताळणीच्या वेळी एका काना-मात्र्यावरून माणसं रडकुंडीला आलेली मी पाहिलीत. मूळ दाखला नवी शाळा ठेवून घेते, तेव्हा चार-पाच झेरॉक्स आधीच काढून ठेवा.

बाकी कागद थोडेच: जन्मदाखला, शेवटचं प्रगतिपुस्तक, मुलाचं आणि पालकांचं आधार, दोन-तीन फोटो, असेल तर जातीच्या दाखल्याची झेरॉक्स. शिष्यवृत्तीसाठी बँक पासबुक नंतर मागतात. घरभाडे करार किंवा लाइटबिल मागितलं तर द्या, पण ते नाही म्हणून परत फिरू नका. वयाचा पुरावा नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही (कलम 14). शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या निकालात सांगितलंय. मुलाखत, चाचणी, देणगी यातलं काहीच नाही. वर्षाच्या मध्यात आलात तरी तेच.

इथवर झालं की बहुतेक पालक निवांत होतात आणि ऑनलाइन बदली राहून जाते. कागदावर मूल नाशिकला आलेलं असतं, पण युडायस प्लसवर (केंद्र सरकारच्या शाळा-विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदीत) त्याचं नाव जुन्याच शाळेत असतं. जुन्या शाळेने ते ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये टाकायचं आणि नव्या शाळेने पेन नंबर (मुलाचा तिथला कायमचा क्रमांक) घालून तिथून उचलायचं, अशी ती सोय आहे. म्हणून दाखल्यासोबत पेन नंबर आणि सरलचा (राज्य सरकारच्या ऑनलाइन नोंदीचा) स्टुडंट आयडी लिहून घ्या. आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळत नसेल तर गाडी इथेच अडते. महिन्याभराने वर्गशिक्षकांना एवढंच विचारा, “सर, नाव ऑनलाइन आलं का?”

कोणी अडवलंच, तर तोंडी भांडण्यात अर्थ नाही. लेखी नकार मागा. बरेचदा तेवढ्यावरच प्रवेश होतो. नाहीतर तालुक्याच्या शाळेसाठी केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, त्यावर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक). नाशिक शहरातल्या मनपा शाळेसाठी महापालिकेचा शिक्षण विभाग. मालेगावला महापालिका वेगळी, तिथल्या मनपा शाळेची तक्रार तिथेच. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या, त्यांची चौकशी नाशिक किंवा कळवणच्या प्रकल्प कार्यालयात.

ऊसतोडीला किंवा द्राक्षबागांच्या कामाला चार-सहा महिन्यांसाठीच जाणाऱ्यांनी नाव काढूच नये. गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्यायचं, कामाच्या गावी ते दाखवून मुलाला वर्गात बसवायचं आणि परतल्यावर आपल्या शाळेत यायचं. सुरगाण्याकडून गुजरातेत कायमचं जायचं असेल, तर दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊन ठेवा, तिकडे मागतात.

पाचवीतल्या मुलाच्या पालकांनी एक गोष्ट बघावी. नवोदय विद्यालयाची सहावीची प्रवेश परीक्षा मूल ज्या जिल्ह्यात पाचवी शिकतंय त्याच जिल्ह्यातून देता येते. तेव्हा नाशिक जिल्ह्याच्या, खेडगावच्या नवोदयवर डोळा असेल तर पाचवीचं वर्ष नाशिक जिल्ह्यातल्या शाळेत असायला हवं.