लघु खाण कंपनीच्या समभागाचे मूलभूत विश्लेषण

लघु खाण कंपनीच्या समभागाचे मूलभूत विश्लेषण : एक-दोन खाणींवर किंवा केवळ समन्वेषणाच्या परवान्यावर उभ्या असलेल्या कंपनीच्या शेअरचे मूल्य ठरविण्याची पद्धती. खनिज निक्षेपाची खात्री, धातुकाची (धातू मिळणाऱ्या खनिजाची) प्रत, ते काढण्याचा व वाहून नेण्याचा खर्च, खाणपट्ट्याची कायदेशीर स्थिती आणि भागभांडवलाची रचना हे तिचे आधार होत. मोठ्या कंपनीत एका खाणीची तूट दुसरी खाण भरून काढते. लघु कंपनीला ती सोय नसते. म्हणून येथे ताळेबंदाआधी भूवैज्ञानिक अहवाल आणि खाणपट्ट्याचे कागद वाचावे लागतात. कॅनडा व ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारांत अशा कंपन्या मोठ्या संख्येने असून, त्यांतील उत्पादन सुरू न झालेल्यांना ‘ज्युनियर’ म्हणतात.

उगम : खाण ही झिजणारी मालमत्ता आहे, तिच्या उत्पन्नात नफ्याबरोबर मुद्दलही परत येत असते, हे तत्त्व प्रथम कोणी हिशोबात आणले याविषयी एकमत नाही. अनेक अभियांत्रिकी ग्रंथ हे श्रेय इंग्लिश खाण अभियंता एच. डी. हॉस्कोल्ड याच्या १८७७ मधील सूत्राला देतात. त्यात दोन व्याजदर आहेत. गुंतवणूकदाराने जोखमीबद्दल घ्यावयाचा दर चढा, तर मुद्दल परत उभे करण्यासाठी दरवर्षी बाजूला काढलेल्या सिंकिंग फंडावरचा दर सुरक्षित, म्हणजे कमी. उदा., वर्षाला १० कोटी रुपये देणारी आणि १० वर्षांत संपणारी खाण घेतली आणि जोखमीचा दर १५ टक्के व सुरक्षित दर ५ टक्के धरला, तर हॉस्कोल्डच्या सूत्राने तिचे मूल्य सु. ४३.६ कोटी येते. आजच्या रूढ रीतीने एकाच १५ टक्के दराने वर्तमान मूल्य, म्हणजे भावी उत्पन्नाचे आजचे मूल्य, काढल्यास ते सु. ५०.२ कोटी होते. तीच मिळकत अक्षय आहे असे समजले, तर आकडा ६६.७ कोटींवर जातो. साध्या पी/ई गुणोत्तराने (शेअरचा भाव भागिले प्रतिशेअर नफा) खाणीचा शेअर स्वस्त ठरविणारा नकळत या शेवटच्या आकड्याच्या बाजूला झुकतो.

हिशोबशास्त्राच्या इतिहासकारांनी मात्र इंग्लंडमधील टाइन नदीकाठच्या कोळसा खाणींची कागदपत्रे पुढे आणली आहेत. तेथील खाण-निरीक्षक अठराव्या शतकात, कदाचित त्याच्या अगदी सुरुवातीपासून, भाडेपट्ट्याची उरलेली वर्षे लक्षात घेऊन भावी उत्पन्नाचे आजचे मूल्य काढीत. तिसऱ्या मतानुसार विसाव्या शतकातील व्याजविषयक अर्थशास्त्रीय उपपत्तीआधीच्या या रीतींना आधुनिक अर्थाने विश्लेषण म्हणता येणार नाही. कागदपत्रांचे स्वरूप पाहता टाइनकाठचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. हॉस्कोल्डने पद्धतीचा आरंभ केला असे म्हणण्यापेक्षा तिला सूत्राचे रूप दिले असे म्हणणे सयुक्तिक ठरेल.

साठ्याचे वर्गीकरण : पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला हर्बर्ट हूव्हर हा मूळचा खाण अभियंता. त्याने १९०९ मध्ये धातुकाचे सिद्ध, संभाव्य व अपेक्षित असे तीन वर्ग सुचविले. शेअर बाजारात या भेदाची निकड पटली ती पोसायडन प्रकरणाने. पश्चिम ऑस्ट्रेलियात विंडारा येथे निकेल सापडल्याच्या वार्तेने या कंपनीचा शेअर सप्टेंबर १९६९ मधील सु. ८० सेंटवरून फेब्रुवारी १९७० मध्ये २८० डॉलरपर्यंत चढला. धातुकाची प्रत अपेक्षेपेक्षा कमी निघाली आणि भाव कोसळला. ऑस्ट्रेलियात १९७१ मध्ये खनिज साठे जाहीर करण्याचे निकष ठरविणारी ‘जॉर्क’ समिती स्थापन झाली. तिची पहिली संहिता १९८९ मध्ये आली. या संहितेत ‘संसाधन’ आणि ‘राखीव साठा’ वेगळे आहेत. जमिनीत आहे ते संसाधन. त्यातील जेवढे खर्च, बाजारभाव व परवाने धरून नफ्यात काढता येईल, तेवढाच राखीव साठा. संसाधनाचेही अनुमानित, निर्देशित व मापित असे चढत्या खात्रीचे टप्पे आहेत. अनुमानित टनांना मापित टनांइतकीच किंमत लावणे ही या क्षेत्रातील सर्वांत महाग पडणारी चूक होय.

ब्रे-एक्स प्रकरण : कॅल्गरी येथील या कंपनीने इंडोनेशियातील पूर्व कालिमंतान प्रांतात बुसांग येथे सु. ७ कोटी औंस, म्हणजे सु. २,२०० टन सोने असल्याचे जाहीर केले. तिचे बाजारमूल्य सु. ६ अब्ज कॅनेडियन डॉलरवर गेले. वेधनातून, म्हणजे जमिनीत खोल छिद्र पाडून, निघालेला खडकाचा गाभा उभा चिरून अर्धा प्रयोगशाळेकडे पाठवायचा आणि अर्धा पेटीत जपून ठेवायचा, ही रूढ रीत आहे. शंका आल्यास दुसरा अर्धा तपासता येतो. बुसांगला जवळजवळ सगळाच गाभा दळून पाठविला जाई. नमुन्यांतील सोन्याचे कण गोलसर, म्हणजे नदीच्या वाळूत घासले गेलेल्या सोन्यासारखे होते. खडकातील सोन्याचे कण तसे नसतात. मार्च १९९७ मध्ये फ्रीपोर्ट-मॅकमोरन कंपनीने जुन्या वेधांच्या जवळच नवे वेध घेतले, तेव्हा नगण्य सोने मिळाले. स्वतंत्र तपासनीस स्ट्रॅथकोना संस्थेने मे १९९७ मध्ये नमुन्यांत सोने मिसळल्याचा निष्कर्ष दिला. न राखलेला गाभा आणि गोलसर कण या दोन्ही खुणा कंपनी जोमात असतानाही तपासता येण्याजोग्या होत्या, म्हणून विश्लेषकाच्या दृष्टीने हे प्रकरण मोलाचे आहे. कॅनडाचा ‘४३-१०१’ हा प्रकटीकरणाचा नियम १ फेब्रुवारी २००१ पासून लागू झाला. त्यानुसार साठ्याचे आकडे नाव जाहीर केलेल्या पात्र तज्ज्ञाच्या जबाबदारीवर द्यावे लागतात.

भारतातील स्थिती : भारतात साठ्यांची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या त्रि-अक्षीय (आर्थिक व्यवहार्यता, प्रकल्पाची शक्यता व भूवैज्ञानिक खात्री यांना प्रत्येकी एक अंक देणाऱ्या) वर्गीकरणानुसार होते. १११ हा संकेतांक सिद्ध राखीव साठ्याचा, तर ३३३ अनुमानित संसाधनाचा. नागपूर येथे मुख्यालय असलेले भारतीय खाण ब्यूरो दर महिन्याला खनिजांची राज्यवार सरासरी विक्री किंमत प्रसिद्ध करते. अनेक खनिजांचे स्वामित्वधन (शासनाला द्यावयाची रॉयल्टी) व लिलावातील अधिमूल्य (पट्टा मिळविण्यासाठी बोलीत कबूल केलेली, या किमतीच्या टक्केवारीतील जादा रक्कम) हिच्यावर आकारले जात असल्याने कंपनीच्या वार्षिक अहवालाइतकाच हा तक्ता वाचणे आवश्यक आहे.

खाण व खनिजे अधिनियमातील १२ जानेवारी २०१५ पासूनच्या दुरुस्तीने प्रमुख खनिजांचे पट्टे लिलावाने देणे सुरू झाले. लोहखनिजावर स्वामित्वधन १५ टक्के आहे. समजा, सरासरी किंमत टनाला २,००० रुपये आहे आणि कंपनीने ९० टक्के अधिमूल्याची बोली लावून पट्टा घेतला आहे. स्वामित्वधन ३०० रुपये, जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा (खाणबाधित भागासाठीच्या निधीचा) त्यावरील १० टक्के वाटा ३० रुपये आणि अधिमूल्य १,८०० रुपये. पहिला फावडा मारण्याआधीच २,१३० रुपये देणे झाले. स्वतःच्या पोलाद कारखान्यासाठी खनिजाची हमी हवी असलेल्याला असा पट्टा कदाचित परवडेल. केवळ खनिज विकणाऱ्या लघु कंपनीला तो बुडवू शकतो. २०१५ पूर्वीचा, अधिमूल्य नसलेला पट्टा त्यामुळेच मौल्यवान ठरतो. मात्र त्याची मुदत कधी संपते ते पाहिलेच पाहिजे.

गोव्याचे उदाहरण : पोर्तुगीज काळातील खाण सवलती १९८७ च्या अधिनियमाने २० डिसेंबर १९६१ पासूनचे पट्टे मानल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये गोव्यातील उत्खनन थांबविले. एप्रिल २०१४ मध्ये बंदी उठविताना हे पट्टे २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपले होते असा निर्णय देऊन वर्षाला २ कोटी टनांची अंतरिम मर्यादा घातली. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ पट्ट्यांचे नूतनीकरणही रद्द झाले. खनिज जमिनीतच होते, यंत्रे आणि मांडवी-जुवारीतले बार्जही होते. नाहीसा झाला तो खणण्याचा अधिकार. त्यापूर्वीच्या नफ्यावर काढलेले कोणतेही गुणोत्तर त्यानंतर निरर्थक झाले. गोव्याचे लोहखनिज बहुतांशी कमी प्रतीचे व निर्यातीवर अवलंबून असल्याने निर्यातशुल्कातील बदलही तेथे निर्णायक ठरतात.

भागभांडवल : उत्पन्न नसलेली कंपनी वेधनाचा खर्च नवे शेअर काढून भागविते. निक्षेप दुप्पट झाला, पण त्या काळात शेअरची संख्या तिप्पट झाली, तर प्रत्येक शेअरमागचे खनिज एक-तृतीयांशाने घटलेले असते. म्हणून एकूण साठ्यापेक्षा प्रतिशेअर साठा पाहतात, आणि त्यात वॉरंट (ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क) व परिवर्तनीय (शेअरमध्ये बदलता येणारे) रोखेही मोजतात. हातातली रोकड किती महिने पुरेल हा प्रश्न त्याला जोडूनच येतो.

वाळू, खडी, मुरूम इत्यादी गौण खनिजांचे नियमन राज्य शासनांकडे आहे. हा व्यवसाय बहुधा भागीदारी वा व्यक्तिगत मालकीचा असून शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या त्यात थोड्याच आढळतात.