लॉग आणि सोर्स कोडची जोडणी

चालत्या सॉफ्टवेअरने लॉगमध्ये, म्हणजे आपल्या कामाच्या नोंदवहीत, लिहिलेली ओळ कोडमधल्या नेमक्या कोणत्या लॉग स्टेटमेंटमधून (नोंद लिहिणाऱ्या आज्ञेतून) आली, हे यंत्राकडून शोधून घेण्याचे तंत्र. बिघाड झाला की हाती आधी लॉग येतो. कोड मात्र लाखो ओळींचा आणि अनेकदा दुसऱ्याच टीमने लिहिलेला असतो. ओळीतला एखादा शब्द उचलून ग्रेप मारणे, म्हणजे तो सगळ्या कोडमध्ये शोधणे, हा रोजचा उपाय. तो बऱ्याचदा चालतो. जिथे चालत नाही तिथून हा विषय सुरू होतो.

अडचण अशी की कोडमध्ये वाक्याचा साचा असतो आणि लॉगमध्ये भरलेले वाक्य. हडूप या अनेक संगणकांवर डेटा हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एचडीएफएस या फाइल प्रणालीच्या ९ नोव्हेंबर २००८ च्या लॉगमधली ही ओळ पाहा: ‘इन्फो डीएफएस.डेटानोड$डेटाएक्ससीव्हर: रिसीव्हिंग ब्लॉक बीएलके_-१६०८९९९६८७९१९८६२९०६ एसआरसी: /१०.२५०.१९.१०२:५४१०६ डेस्ट: /१०.२५०.१९.१०२:५००१०’. यातले ‘रिसीव्हिंग ब्लॉक’, ‘एसआरसी’ आणि ‘डेस्ट’ एवढेच शब्द कोडमध्ये सापडतात. ब्लॉकचा (फाइलच्या तुकड्याचा) क्रमांक आणि दोन्ही पत्ते प्रोग्राम चालू असताना भरले गेले. सुदैवाने क्लासचे, म्हणजे कोडच्या त्या घटकाचे, नावही (‘डेटानोड$डेटाएक्ससीव्हर’) ओळीत आहे, त्यामुळे शोध एका फाइलपुरता उरतो. ज्या प्रणालीत लॉगरचे, म्हणजे ओळ लिहिणाऱ्या घटकाचे, नाव छापतच नाहीत, तिथे हा आधारही नसतो.

ही ओळ ज्या संचातली आहे तो बर्कली विद्यापीठाच्या वेई श्यू आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेल्या कामातून आला. ॲमेझॉनच्या क्लाउडवरील २०३ संगणकांचा हा लॉग १,११,७५,६२९ ओळींचा असून त्यात ५,७५,०६१ ब्लॉकची हकिगत आहे. पण या एक कोटीहून जास्त ओळी काही डझन साच्यांतूनच उमटलेल्या आहेत. ओळी अफाट आणि त्यांची उगमस्थाने मोजकी, हे प्रमाण बहुतेक मोठ्या प्रणालींत दिसते. म्हणूनच प्रत्येक ओळ कोडशी ताडून पाहण्याऐवजी आधी साचे काढतात.

साचे दोन्ही बाजूंनी काढता येतात. कोड हाती असेल तर पार्सरने (कोडची रचना उलगडणाऱ्या प्रोग्रामने) त्याचा वाक्यरचना-वृक्ष, म्हणजे रचनेचा झाडासारखा आराखडा, तयार करायचा, लॉगरला केलेले कॉल वेचायचे, जोडलेल्या स्ट्रिंगमधला (मजकुराच्या तुकड्यांमधला) स्थिर मजकूर ठेवायचा आणि व्हेरिएबलच्या, म्हणजे बदलत्या किमतीच्या, जागी खूण घालायची. जावा या प्रोग्रामिंग भाषेत इथे एक खाच आहे: छापायला दिलेली वस्तू स्वतःचा मजकूर ‘टू-स्ट्रिंग’ पद्धतीतून देते आणि तो क्लासच्या उपवर्गागणिक (सबक्लास) बदलतो. त्या पद्धतींचे साचेही उलगडून आत घातले नाहीत तर कोडमधला साचा अर्धामुर्धाच राहतो. कोड हाती नसेल तर नुसत्या लॉगवरून साचे ओळखावे लागतात. २०१७ मध्ये आलेले ‘ड्रेन’ हे तंत्र ओळीतल्या शब्दांची संख्या आणि सुरुवातीचे शब्द पाहून ठरावीक खोलीच्या झाडात तिची जागा ठरवते. संदेशाचा पहिलाच शब्द बदलता असेल, तर एकाच साच्याचे अनेक तुकडे होतात. त्यामुळे आयपी, क्रमांक आणि फाइलचे मार्ग आधीच झाकून घेणे उत्तम.

बऱ्याच ओळींचा निकाल इथेच लागतो. मशीन लर्निंगची खरी गरज उरलेल्या ओळींना असते: संदेश तुकड्या-तुकड्याने जोडलेला, मधल्या फंक्शनमधून छापलेला, किंवा ‘डन’ एवढाच आणि तोही पंधरा ठिकाणी लिहिलेला. रूढ मांडणी दोन टप्प्यांची. शब्दसाम्यावर चालणारा, बीएम२५ या गुण देण्याच्या सूत्रासारखा साधा शोध पन्नासेक उमेदवार लॉग स्टेटमेंट काढतो. मग मॉडेल त्यांचा क्रम लावते. कोडच्या बाजूने मॉडेलला स्ट्रिंगसोबत क्लास आणि फंक्शनचे नाव, लॉगची पातळी (‘इन्फो’, ‘एरर’ अशी) आणि आजूबाजूच्या काही ओळी देतात. मायक्रोसॉफ्टचे २०२० मधले, कोडवर आधीच शिकवलेले कोडबर्ट किंवा तशा धर्तीचे मॉडेल पाया म्हणून घेता येते. ‘डन’सारख्या ओळींसाठी त्याच थ्रेडच्या, म्हणजे प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या त्याच कामाच्या, आधीच्या ओळी लागतात. थ्रेडचा क्रमांक न बघता लगतच्या ओळी घेतल्या, तर वेगवेगळ्या कामांची सरमिसळ होऊन मॉडेल भलतेच शिकते.

मॉडेलला शिकवण्यासाठी कोणती ओळ कुठली, अशा हाताने खुणा करत बसण्याची गरज नाही. चाचणीच्या सर्व्हरवर लॉगमध्ये फाइलचे नाव आणि ओळ क्रमांक छापण्याची सोय चालू करायची, चाचण्या चालवायच्या, आणि मॉडेलला देताना तोच भाग खोडून टाकायचा. उत्तरे आपोआप मिळतात. जावात ही सोय प्रॉडक्शनमध्ये (प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर) सहसा बंद असते, कारण जागा कळण्यासाठी प्रत्येक वेळी कॉल स्टॅक, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले त्याची यादी, चाळावा लागतो आणि वेळ जातो. बरोबर जोडीसोबत चुकीच्या जोड्याही मॉडेलला दाखवतात; असे चुकीचे नमुने देताना त्याच फाइलमधले मिळतेजुळते संदेश निवडावेत. कुठलेही उचलले तर परीक्षा फारच सोपी होते.

मोजमापातली नेहमीची चूक म्हणजे ओळी पिसून शिकवणी आणि चाचणीत वाटणे. एकच साचा दोन्हीकडे येतो, अचूकतेचा आकडा नव्व्याण्णव टक्क्यांच्या घरात जातो आणि नव्या साच्यापुढे मॉडेल गडबडते. वाटणी साच्यांनुसार करावी, जमल्यास आवृत्तीनुसारही. शिवाय ‘यातले कोणतेच नाही’ हे उत्तर हवेच, कारण लॉगमध्ये बाहेरच्या लायब्ररींच्या (इतरांच्या तयार कोडच्या) ओळीही असतात.

मात्र सर्वांत जास्त घोटाळा मॉडेलमुळे होत नाही, आवृत्तीमुळे होतो. हडूपच्या नंतरच्या आवृत्तीत वरच्या एचडीएफएस संदेशातला ‘ब्लॉक’ शब्द गेला आणि ‘रिसीव्हिंग’नंतर थेट ब्लॉकच्या समूहाची ओळख छापली जाऊ लागली. लॉग जुन्या बिल्डचा (तयार करून चालवलेल्या आवृत्तीचा) आणि साचे मुख्य शाखेतल्या ताज्या कोडमधले असतील तर फाइल बरोबर लागूनही ओळ क्रमांक चुकतो. म्हणून सर्व्हरवर चालत असलेल्या बिल्डचा कमिट क्रमांक (कोडच्या नेमक्या नोंदीची ओळख) लॉगच्या सुरुवातीला छापावा आणि साच्यांची यादी प्रत्येक बिल्डसोबत जपावी. लिनक्स कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) हेच आत बांधून घेतले: २०२१ च्या ५.१५ आवृत्तीपासून ‘प्रिंटके इंडेक्स’ ही कर्नलच्या संदेशांची सूची चालू केल्यास प्रत्येक संदेशाचा साचा, फाइल, फंक्शन आणि ओळ क्रमांक डीबगएफएस या तपासणीसाठीच्या फाइल प्रणालीतून वाचता येतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये त्रुटींच्या तपशिलाची पातळी ‘व्हर्बोस’ केली की फाइल, फंक्शन आणि ओळ क्रमांक लॉगमध्येच येतात. त्रुटीचा ठरलेला संकेतही (एरर कोड) सोबत येतो आणि संदेश दुसऱ्या भाषेत छापला जात असला तरी तो तोच राहतो. अशी सोय असताना मॉडेल शिकवत बसणे म्हणजे हातच्या कंकणाला आरसा.

जिथे कोडमध्ये नुसते ‘लॉग.एरर(मेसेज)’ असते, तिथे स्थिर मजकूरच नसल्याने साचा रिकामा निघतो. वाक्य दुसऱ्याच फंक्शनमध्ये, कधी डेटाबेसमध्ये तयार झालेले असते. अशा ओळींसाठी दोन जागा नोंदवतात: वाक्य घडले ती आणि छापले गेले ती. दुरुस्ती बहुधा पहिल्या जागी करावी लागते.