माळ्याचे उष्णतारोधन व वायुवीजन (बेळगाव सीमाभाग)

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातील जुन्या घरांचा माळा उन्हाळ्यात तापू नये आणि पावसाळ्यात कुबट होऊ नये, यासाठी केली जाणारी दुरुस्ती. वरून येणारी उष्णता अडवणे आणि छपराखालची हवा खेळती ठेवणे अशी ही दुहेरी कामे आहेत. थंड देशांत घरातली ऊब टिकवण्यासाठी माळ्यावर जाड थर घालतात. इथे तोच थर ऊन अडवण्यासाठी लागतो, त्यामुळे तिकडचे नियम जसेच्या तसे चालत नाहीत.

या भागातला पाऊस कोसाकोसावर बदलतो. खानापूर तालुक्यात कणकुंबी-जांबोटीकडे सह्याद्रीचा मुसळधार पाऊस, तर पूर्वेला अथणीकडे कोरडवाहू मुलूख. म्हणून पश्चिमेला उतरत्या पाख्यांची कौलारू घरे आणि पूर्वेला जाड मातीच्या थराची माळवदाची घरे. माळवदाची माती दिवसभराचे ऊन स्वतःत मुरवून घेते, त्यामुळे तिथे गळती थोपवली की बरेचसे काम होते. पुढील विवेचन मुख्यतः कौलारू घरांविषयी आहे.

बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कारखाना काढल्यावर मंगलोरी कौले सर्वदूर पोचली. त्याआधीची देशी नळीची कौले असोत की मंगलोरी, त्यांच्या सांध्यांतून हवा जात-येत असे. चुलीचा धूर माळ्यावरून बाहेर पडताना वासे कोरडे ठेवी आणि भुंग्याला दूर ठेवी. फळ्यांवर रचलेल्या पेंढ्या, कणगी, गोवऱ्या यांचाच एक रोधक थर होई. ही घरे अडाणीपणाने बांधलेली नव्हती. त्यांत हवेचा नीट विचार होता. पुढे गॅस आला, माळे रिकामे झाले, कौलांच्या जागी पत्रा चढला आणि खाली पीओपीचे छत बसले. उष्णता वाढली आणि ओल बाहेर पडण्याची वाट बुजली. एप्रिलच्या दुपारी पत्रा ६० अंशांच्या वर तापतो आणि खालच्या छतावर एकसारखी धग टाकतो. थंडीत निरभ्र रात्री तोच पत्रा हवेहून गार होतो, त्याला आतून घाम सुटतो आणि पहाटे थेंब गळतात. पुष्कळदा लोक त्याला गळती समजतात.

म्हणून या भागात आधी वायुवीजन आणि मग रोधन हा क्रम पाळावा. आषाढात विजेरी घेऊन माळ्यावर चढावे आणि वासा भिंतीवर टेकतो तिथे स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. टोक लोण्यात गेल्यासारखे आत शिरले, तर लाकूड कुजले आहे. तो वासा बदलल्याशिवाय वर काहीही अंथरू नये.

हवा आत येण्याची वाट वळचणीला आणि बाहेर जाण्याची वाट आढ्याजवळ ठेवतात. गरम हवा वर चढून निघून जाते आणि तिच्या जागी खालून गार हवा येते. या दोन्ही वाटांत जितके उंचीचे अंतर, तितका ओढा चांगला. पाश्चात्त्य बांधकाम नियमांत माळ्याच्या क्षेत्रफळाच्या १/१५० इतकी मोकळी जागा सांगितली आहे. वर-खाली समतोल वाटप असेल, तर १/३०० चालते. जाळीने हवा अडते, तेव्हा भोक त्या हिशेबाने मोठे ठेवावे. पण उंदीर, वटवाघळे, साप यांच्यासाठी जाळी हवीच. खानापूरकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे त्या बाजूच्या झरोक्यांना तिरप्या पट्ट्या लागतात. नुसता एक्झॉस्ट फॅन लावून खालून वाट दिली नाही, तर तो फटींतून खोल्यांतलीच हवा ओढतो.

रोधनासाठी पत्र्याखाली चकचकीत ॲल्युमिनियमचा पडदा सर्वांत किफायतशीर. चकचकीत बाजू खाली ठेवावी, म्हणजे तिच्यावर धूळ बसत नाही, आणि तिच्याखाली किमान इंचभर हवेची पोकळी सोडावी. पडदा पत्र्याला चिकटवला आणि खाली छतालाही टेकला, तर त्याचा उपयोग जवळजवळ संपतो. फळ्यांवर ५० मिमी किंवा अधिक जाडीची खनिज लोकर (दगड किंवा काच वितळवून काढलेल्या तंतूंची गादी) अंथरतात. ती भिजली की निकामी होते आणि सावकाश वाळते. थर्माकोल स्वस्त असला तरी पेट घेतो. लोकरीखाली प्लास्टिकचा कागद पसरण्याची चूक सर्रास होते. तो सल्ला हिमप्रदेशातला आहे. इथे छपरातून झिरपलेले पाणी त्या कागदावर साचते आणि फळ्यांना व वाशांना ओल धरते.

जुने कापडी वेष्टनाचे वायरिंग लोकरीखाली दडपू नये, कारण त्याची उष्णता बाहेर पडत नाही. जुने सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ते कोरडे कापू किंवा भोसकू नयेत, त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते.

कामाला महाशिवरात्रीनंतर हात घालावा. कौले परतणे, कुजके वासे बदलणे, झरोके काढणे ही कामे वळवाच्या आधी उरकून घेतात. वळवाचा एखादा जोरदार पाऊस झाल्यावर माळ्यावर जाऊन फळ्या हाताने चाचपून पाहतात. त्या कोरड्या निघाल्या की मृगाच्या आत लोकर अंथरतात.