मिश्र लाकडाचं हातानं घडवलेलं साईड टेबल

सोफ्याच्या नाहीतर पलंगाच्या कडेला ठेवायचं छोटं टेबल, ज्याच्यावर चहाचा कप, चष्मा, पेपर, रिमोट असं सगळं येऊन बसतं, ते एकाच लाकडाचं न करता दोन-तीन जातींची कठीण लाकडं जोडून हातानं केलं की त्याला मिश्र लाकडाचं साईड टेबल म्हणायचं. कोल्हापुरात कुणी कॉर्नर टेबल म्हणतं, घरातली मोठी माणसं सरसकट टीपॉय म्हणतात, आता टीपॉय हा शब्द तिपाईवरनं आलेला म्हणजे मुळात तीन पायांचा, पण चार पाय असले म्हणून कुणाचं अडत नाही. उंची साधारण 20 ते 24 इंच ठेवतात, सोफ्याच्या हाताला बरोबर नाहीतर इंचभर खाली, वरची फळी 16 ते 18 इंच चौरस. एका टेबलाला तुकडे, भुसा, वाया जाणारं असं सगळं धरून पाऊण घनफूट लाकूड पुरतं.

लाकडांची निवड हा यातला सगळ्यात आनंदाचा भाग. मुख्य लाकूड सागवानाचं, कारण ते तेलकट, टिकाऊ आणि ऋतू बदलला तरी फार हलत नाही, म्हणजे फुगत-आकसत नाही. त्याच्या जोडीला जांभळट काळपट शिसवी, गडद तपकिरी ऐन, नाहीतर पिवळाधमक फणस. ऐन जड असतं, सागवानाचं एक घनफूट साधारण 18 किलो भरतं तर ऐनाचं 24 च्या आसपास, त्यामुळे टेबलाच्या पायांना ऐन वापरलं की टेबल जागचं हलत नाही. फणसाला लोक उगाच दुय्यम समजतात, माझ्या मते सागवानाशेजारी फणसाची दोन बोटं रुंद पट्टी जेवढी खुलते तेवढं दुसरं काही नाही. सालीजवळचा पांढरट भाग मात्र कुठल्याच लाकडाचा घेऊ नये, त्याला भुंगा लागतो आणि मग टेबलाखाली रोज सकाळी पीठ पडलेलं दिसतं.

साग, ऐन, फणस, जांभूळ, किंजळ ही झाडं महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, स्वतःच्या शेतातलं असलं तरी परवानगी लागते, आणि शिसवी ज्या गटातली आहे त्या अख्ख्या गटाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2017 पासून निर्बंध आहेत. म्हणून वखारीत पावती मागावीच. त्याहून चांगला रस्ता म्हणजे पेठांमधले जुने वाडे पाडतात तेव्हा निघणारं लाकूड, तुळया, कडीपाटाच्या कड्या, दाराच्या चौकटी. हे लाकूड कित्येक पावसाळे बघून बसलेलं असतं, जे काय वाकायचं ते वाकून झालेलं. फक्त रंधा मारायच्या आधी फळीवर लोहचुंबक फिरवायचा, कारण मोडलेला खिळा वरनं दिसत नाही आणि रंध्याच्या पात्याला खाच पडते. खिळ्याभोवती निळसर काळा डाग दिसतो, तो लोखंड आणि लाकडातल्या टॅनिन नावाच्या तुरट द्रव्याचा, खोल गेलेला असतो, घासून जात नाही.

आता मुख्य गोष्ट, जिथं बहुतेक टेबलं फसतात. लाकूड लांबीत जवळजवळ हलतच नाही, रुंदीत हलतं, आणि प्रत्येक जात वेगळी हलते. कोल्हापुरात एप्रिल-मेच्या कोरड्या हवेतनं जुलैच्या झडीत गेलं की 18 इंच रुंदीची सागवानी फळीसुद्धा 4-5 मिलिमीटर फुगू शकते. आमच्या घरी पहिलं टेबल केलं तेव्हा शोभेसाठी शिसवीची पट्टी फळीला आडवी चिकटवली होती, मे महिन्यात एकदम सुरेख दिसत होती, जुलै संपता संपता फळी बाक धरून वर आली आणि पट्टीचं एक टोक सुटून नखात अडकायला लागलं. त्यामुळे पट्ट्या सगळ्या एकाच दिशेनं, लाकडाच्या रेषा एकमेकींना समांतर, हा नियम मोडायचा नाही. लाकडाची ओल 10 ते 12 टक्के असावी, मीटरनं बघता येते. आणि वरची फळी चौकटीला पक्की ठोकायची नाही, स्क्रूची भोकं लांबट ठेवायची म्हणजे फळी स्क्रूसकट थोडी सरकते.

पाय आणि त्यांना जोडणाऱ्या चौकटीच्या पट्ट्यांचा सांधा भोक आणि कूस असाच करावा, म्हणजे पायात भोक आणि पट्टीच्या टोकाला त्यात बसणारी जीभ, ती कूस, कुशीची जाडी पट्टीच्या साधारण तिसरा हिस्सा. पटाशीनं भोक दोन्ही बाजूंनी खोदत आणायचं, कूस हातानं दाबून आत जायला हवी, हातोडा लागला तर घट्ट आहे आणि आपोआप घसरली तर सैल. सागवान आणि शिसवी दोन्ही तेलकट असल्यानं गम लावायच्या जरा आधी थिनरचा बोळा फिरवायचा नाहीतर पकड येत नाही. शिसवीचा भुसा नाकात गेला की बऱ्याच जणांना शिंका, खाज सुरू होते, मास्क लावलाच पाहिजे.

2019 आणि 2021 च्या महापुरात पंचगंगेचं पाणी घरात शिरलं तेव्हा भुश्याच्या बोर्डाचं फर्निचर फुगून फेकायच्या लायकीचं झालं, भरीव लाकडाची टेबलं मात्र बऱ्याच जणांनी सावलीत वाळवून, घासून परत वापरली.

पॉलिशला चपडा, म्हणजे लाखेचे पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवून कापडानं हात देतात, चमक फार छान येते पण गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उठतं. रोजच्या वापराला जवसाचं तेल बरं, तीन-चार हात, प्रत्येक हात नीट वाळू द्यायचा. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, ती आपोआप तापून पेट घेतात, उघड्यावर पसरून वाळवायची. रंगाचं म्हणाल तर सागवान आणि फणस उजेडानं गडद होत जातात, शिसवीचा जांभळटपणा जाऊन ती तपकिरी होत जाते, म्हणून खिडकीजवळ टेबल असेल तर पहिलं वर्षभर फुलदाणीची जागा बदलत राहायची, नाहीतर उचलल्यावर खाली तिचा वेगळ्या रंगाचा गोल उमटलेला दिसतो.