आमदाराचं 'वेतन': पगार की आणखी काही?

आमदारांचा पगार वाढला की व्हॉट्सअ‍ॅपवर हिशोब फिरायला लागतात, त्यात बरेच जण आमदार निधीचे ५ कोटीही मिळवून टाकतात. ते पैसे मतदारसंघातल्या कामांचे असतात, आमदाराच्या खात्यात येत नाहीत. खरा गुंता 'वेतन' या शब्दात आहे.

किती पैसे घ्यायचे ते कायदा करून ठरवायचं काम राज्यघटनेच्या कलम १९५ नं विधिमंडळालाच दिलं, म्हणजे घेणारेही तेच आणि ठरवणारेही तेच. १९५६ चा वेतन-भत्त्यांचा कायदा आला, १९७६ चा पेन्शनचा आला, शब्द सगळे नोकरीतले, पण आमदारकी काही नोकरी झाली नाही. इन्कम टॅक्समध्ये हे वेतन 'पगार' या सदरात धरतच नाहीत, 'इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न' म्हणून धरतात, कारण पगार म्हटलं की नेमणारा मालक लागतो आणि इथं तर लोकांनी निवडून दिलेलं असतं. २०१८ मध्ये हे आणखी स्पष्ट झालं. आमदार-खासदारांना वकिली करायला बंदी घाला अशी याचिका होती, सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हे पूर्णवेळ पगारी नोकर नाहीत, करू द्या वकिली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये माजी खासदारांच्या पेन्शनविरुद्धची याचिकाही फेटाळली गेली होती, ते ठरवणं संसदेचं काम म्हणून. म्हणजे नोकर नाहीत म्हणून धंदा-वकिली चालते, आणि नोकर नसले तरी पेन्शन मिळते. कायद्यात बसत असेल, मला पटत नाही.

मग आपल्या महाराष्ट्रात ऑगस्ट २०१६. पावसाळी अधिवेशनाचा शेवटचा दिवस, विधेयक चर्चेशिवाय मंजूर. भत्त्यांसह महिन्याचा आकडा साधारण ७५ हजारांवरून थेट दीड लाखाच्या पुढं गेला, पेन्शन ४० ची ५० हजार झाली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आमदाराचं मूळ वेतन प्रधान सचिवाच्या मूळ वेतनाला जोडलं गेलं, त्यामुळं सातवा वेतन आयोग लागल्यावर नुसतं मूळ वेतनच १ लाख ८२ हजार २०० झालं, वेगळं विधेयक आणायची गरजच राहिली नाही. जोडणी मुळात वाईट नाही, दर दोन-तीन वर्षांनी स्वतःचाच आकडा वाढवत बसण्यापेक्षा बरी. पण जी गोष्ट पुढची कित्येक वर्षं चालणार तिच्यावर तासभर तरी बोलायला हवं होतं, विरोधातलं एखादं भाषण तरी कामकाजात नोंदलं गेलं असतं.

लोकांना खरं झोंबलं ते पेन्शनचं. १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली. माझी मोठी बहीण त्यानंतर झेडपीच्या शाळेत लागली. मार्च २०२३ च्या संपात ती 'एकच मिशन, जुनी पेन्शन' लिहिलेली पांढरी टोपी घालून आठवडाभर उन्हात बसली होती, आणि तिथं प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न, आम्हाला नाही मग एका टर्मच्या आमदाराला ५० हजार कसे? एक टर्म झाली की ५० हजार, त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला २ हजार जादा. पंजाबनं २०२२ मध्ये कितीही वेळा निवडून आलात तरी पेन्शन एकच असं केलं, आपल्याकडं तसं झालं नाही. कोरोनात २०२० ला वर्षभर ३० टक्के वेतन कापलं गेलं, पेन्शनचा मुद्दा मात्र तसाच राहिला.

दुसरी बाजूही सांगायला हवी. विधानसभेत जागा २८८, पाच वर्षांनी तिकीट मिळेल याची खात्री नाही, पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. सकाळी आठला आमदाराच्या ऑफिसात जाऊन बघा. बाकावर माणसं बसलेली, कुणाला हॉस्पिटलचं बिल कमी करायला पत्र हवं, कुणाला बदलीसाठी, पीए लेटरहेडवर पत्रं टाइप करतोय आणि टेबलावर लग्नपत्रिकांचा गठ्ठा, त्यातल्या कुठल्या लग्नाला साहेब जाणार त्यावर लाल पेनानं खूण. आमच्या भागातले एक आमदार दुसऱ्या वेळी पडले, तरी हा बाक अजून रिकामा झालेला नाही.