व्हेर्नात्साला जायचंय? मग शेंगेन व्हिसाचा अर्ज कुठे अडतो ते आधी वाचा

इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर मोंतेरोस्सो, व्हेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे अशी पाच गावं आहेत. मिळून त्यांना चिंक्वे तेर्रे म्हणतात. व्हेर्नात्साचं एवढंसं बंदर, त्यात ओढून ठेवलेल्या होड्या, मोंतेरोस्सोचे मिठात मुरवलेले अँचोव्ही मासे. १९९७ पासून हा सगळा भाग जागतिक वारसा यादीत आहे. टूरबरोबर येऊन दोन तासांत फोटो काढून निघण्यापेक्षा इथे आठ-दहा दिवस निवांत राहावं असं वाटणं अगदी रास्त आहे. फक्त टूर कंपनी जी कागदपत्रं एका साच्यात बसवून देते, ती इथे तुम्हाला स्वतः जुळवावी लागतात. अर्ज नाकारले जातात ते बहुतेक या जुळवाजुळवीत.

शेंगेन व्हिसा म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा. त्यामुळे अर्ज कोणत्या देशाकडे करायचा इथूनच घोळ सुरू होतो. जिथे सर्वात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. दिवस सारखेच असतील तर ज्या देशात आधी उतरणार त्याच्याकडे. सहा रात्री व्हेर्नात्सात आणि चार रात्री नीसमध्ये असतील तर विमान फ्रान्समध्ये उतरलं तरी अर्ज इटलीकडेच. ‘अमुक देशाचा व्हिसा लवकर मिळतो’ असं कुणी सांगितलं म्हणून तिथली खोटी बुकिंग दाखवू नका. महाराष्ट्रातल्या लोकांचे इटलीसाठीचे अर्ज व्हीएफएस केंद्रातून मुंबईच्या इटालियन वाणिज्य दूतावासाकडे जातात. केंद्र फक्त कागद गोळा करतं, निर्णय दूतावासाचा. त्यामुळे ‘काउंटरवर सगळं ओके म्हणाले होते’ या वाक्याला पुढे काही किंमत उरत नाही.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. फोटो, फॉर्म, बोटांचे ठसे यात फारसं काही अडत नाही. ५९ महिन्यांच्या आत शेंगेनसाठी ठसे दिले असतील तर सहसा तेच चालतात, आणि बारा वर्षांखालच्या मुलांचे घेतच नाहीत.

खरी अडचण राहण्याच्या कागदाची. या गावांत मोठी हॉटेलं थोडी आणि घरगुती खोल्याच जास्त. तिकडे त्यांना अफित्ताकामेरे म्हणतात. मालकीणबाई व्हॉट्सअ‍ॅपवर ‘या, खोली ठेवते’ असं कळवतात आणि आपल्याला वाटतं काम झालं. त्या निरोपाचा स्क्रीनशॉट दूतावासात चालेल अशी आशा धरू नका. घरमालकाचं नाव, पूर्ण पत्ता, येण्या-जाण्याच्या तारखा आणि राहणाऱ्या प्रत्येकाचं पासपोर्टप्रमाणे नाव, एवढं असलेलं पत्र किंवा पावती मागा. ‘दोन पाहुणे’ असं लिहून एकाच व्यक्तीचं नाव घातलेलं बुकिंग फार दिसतं. मग बायकोच्या अर्जाला राहण्याचा पुरावाच उरत नाही. इटलीत १ जानेवारी २०२५ पासून पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक घराला ‘सीआयएन’ हा राष्ट्रीय ओळख क्रमांक जाहिरातीत दाखवणं सक्तीचं आहे. तो क्रमांक पावतीवर घालून घ्या. क्रमांक द्यायला टाळाटाळ होत असेल तर ती खोली सोडून द्या. ओळखीच्या कुणाकडे उतरणार असाल तर त्यांच्याकडून सही केलेलं निमंत्रणपत्र आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत हवी.

प्रत्येक रात्रीचा हिशोब लागला पाहिजे. विमान रात्री मिलानला उतरतं, चिंक्वे तेर्रेजवळच्या ला स्पेत्सिया शहराची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची, आणि मधल्या रात्रीचं काहीच नाही, असा आराखडा देऊ नका. आणि आराखड्यात ‘साइटसीइंग’ असं दहा वेळा लिहिण्यापेक्षा खरंच काय करणार ते लिहा: आज बोटीने मोंतेरोस्सो, उद्या पायवाटेने कोर्निल्या, परवा जेनोवा. एवढ्याशा गावात दहा दिवस कशासाठी, हा प्रश्न अर्ज तपासणाऱ्याला पडणारच. त्याचं उत्तर कव्हर लेटरमध्ये साध्या चार ओळींत द्या.

तारखांकडे डोळ्यांत तेल घालून पाहा. मुंबईहून युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तुम्ही १० तारखेला रात्री घर सोडता, तिकिटावर मात्र ११ असते. परतताना मिलानहून २० ला संध्याकाळी निघालात तर मुंबईत २१ उजाडते. आता ऑफिसच्या रजेच्या पत्रात २० पर्यंतच रजा असेल तर कागदोपत्री तुम्ही २१ ला सकाळी एकाच वेळी विमानात आणि ऑफिसात असता. तिकीट, विमा, खोली, रजा आणि फॉर्म हे पाचही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि फक्त तारखा वाचा. विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि प्रवासाचा प्रत्येक दिवस धरणारा हवा. तिकिटाचं आरक्षण पुरतं. पण दोन दिवसांत आपोआप रद्द होणारं ‘डमी’ तिकीट विकणाऱ्यांपासून लांब राहा. दूतावासाने तपासलं तेव्हा ते अस्तित्वातच नसेल तर खोटा कागद दिल्याचा ठपका तुमच्यावर येतो, एजंटवर नाही.

पैशांबद्दल लोक उगाच घाबरतात, आणि चुकीच्या गोष्टीला घाबरतात. इटलीचा किमान रकमेचा तक्ता २००० सालचा आहे. एकट्याने ६ ते १० दिवस राहायचं तर रोजचे ४४.९३ युरो, ११ ते २० दिवसांसाठी ५१.६४ युरो एकरकमी आणि वर रोजचे ३६.६७. चिंक्वे तेर्रेत उन्हाळ्यात एवढ्यात भागणार नाही, त्यामुळे खात्यात याहून बरेच जास्त हवेत. तरी बघितलं जातं ते पैसे तुमचे आहेत का हे. अर्जाच्या आठवडाभर आधी मेहुण्याने टाकलेले पाच लाख बँकेच्या स्टेटमेंटवर उठून दिसतात. मोठी रक्कम खरोखरच आली असेल, एफडी मोडली असेल किंवा प्लॉट विकला असेल, तर त्याचा कागद जोडा.

नोकरदाराला पगारपत्रकं, रजेचं पत्र, आयटीआर हे सगळं सहज मिळतं. कागदपत्रांची यादी जणू त्याच्यासाठीच केलेली असते, आणि याचा मला मनापासून राग येतो. नाशिकचा द्राक्षबागायतदार किंवा कोल्हापूरचा ऊस उत्पादक कुणाकडून रजा घेणार? शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून कित्येकांनी आयटीआर कधी भरलेलाच नसतो. जाण्याचं वर्षभर आधी ठरत असेल तर आयटीआर भरायला लागा. कर शून्य आला तरी भरता येतो. नाहीतर डिजिटल सहीचा सातबारा, आठ-अ, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बाजार समितीच्या पट्ट्या किंवा कारखान्याची ऊसबिलं, आणि ते पैसे जमा झालेल्या खात्याचं स्टेटमेंट द्या. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडा. सातबारा म्हणजे काय हे इटालियन अधिकाऱ्याला ठाऊक असायचं कारण नाही, तेव्हा कव्हर लेटरमध्ये एका ओळीत सांगा: ही माझ्या मालकीची शेती, यावर माझं घर चालतं, छाटणीच्या आधी मला परत यायचंय. परत येण्याचं याहून पटणारं कारण नसतं.

नावाचा प्रश्न आपल्याकडे घरोघरी आहे. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि आडनाव, बँकेत अजून माहेरचं, मुलाच्या जन्मदाखल्यावर तिसरंच काहीतरी. विवाह नोंदणीचा दाखला जोडा, आणि तिन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र द्या. मूल आई-वडिलांपैकी एकाबरोबरच जात असेल तर दुसऱ्याची नोटरी केलेली संमती हवी. घर सांभाळणाऱ्या बाईकडे उत्पन्नाचा पुरावा नसतो. तो मागितला म्हणून खचून जाऊ नका. नवऱ्याचं किंवा मुलाचं खर्च उचलण्याचं पत्र आणि त्यांचे आर्थिक कागद जोडायचे.

गोव्यातल्या ज्या घरांत एकाकडे पोर्तुगीज आणि दुसऱ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, त्यांनी हे नक्की वाचावं. दोघं मिळून इटलीला जाणार असतील तर भारतीय जोडीदाराला युरोपीय नागरिकाचा कुटुंबीय म्हणून अर्ज करता येतो. व्हिसाचं शुल्क लागत नाही, आणि नोकरी व पैशांचे रकाने भरावे लागत नाहीत. विवाहाचा दाखला लागतो. पोर्तुगालला जाताना मात्र हीच सवलत गृहीत धरू नका.

आता मुदत. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. तीन महिन्यांचा नियम २०२० मध्येच बदलला, तरी अजून लोक तोच धरून बसतात. शेवटची मुदत १५ दिवस आधीची. हे १५ दिवस म्हणजे ‘पंधरा दिवसांत मिळतोच’ अशी हमी नव्हे, निर्णय ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. शाळांच्या सुट्ट्यांमुळे एप्रिल-मेसाठी गर्दी उसळते, तेव्हा अपॉइंटमेंट फेब्रुवारीच्या आतच घ्या. शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५, त्याखाली काही नाही. केंद्राचा सेवाआकार वेगळा. नकार आला तरी शुल्क परत मिळत नाही.

नकाराचा कागद म्हणजे ठरावीक कारणांच्या यादीतल्या एका चौकटीवर खूण. ‘प्रवासाचा हेतू व परिस्थिती पुरेशी स्पष्ट नाही’ म्हणजे नक्की कोणता कागद खटकला, हे सांगण्याची तसदी सहसा कुणी घेत नाही. पैसे आणि महिने घालवलेल्या माणसाला याहून जास्त उत्तर मिळायला हवं. इटलीच्या निर्णयाविरुद्ध रोमच्या प्रशासकीय न्यायालयात ६० दिवसांत दाद मागता येते, पण त्याला तिथला वकील लागतो. सहलीसाठी त्यापेक्षा उणीव भरून नवा अर्ज करणं परवडतं. आधीचा नकार हे एकटं कारण धरून दुसरा अर्ज फेटाळता येत नाही, मात्र पहिल्याची नोंद पाच वर्षांपर्यंत राहते. म्हणून नव्या अर्जात जुनी गोष्ट लपवू नका, काय बदललं ते सांगा.

व्हिसा हातात आला की केंद्राच्या दारातच स्टिकर वाचा. नाव किंवा पासपोर्ट क्रमांक चुकला असेल तर तिथल्या तिथे लेखी कळवा. स्टिकरवर ‘पासून-पर्यंत’ अशा दोन तारखा असतात आणि खाली मुक्कामाचे दिवस वेगळे. तारखांमध्ये ३० दिवसांचं अंतर असलं आणि खाली १५ लिहिले असले, तर तुम्हाला १५ दिवसच राहता येतं. उतरण्याचा आणि निघण्याचा दिवसही त्यात धरतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर शिक्क्याच्या जागी टप्प्याटप्प्याने संगणकीय नोंद सुरू झाली आहे, तेव्हा जास्त राहिलेला एक दिवसही तिथे आपोआप दिसतो.